आलेखातील तारखा आणि वेळा : वाचकांचे प्रश्न

आलेख काढण्याच्या प्रोग्रॅमविषयी आलेल्या पत्रांपैकी तारीख आणि वेळ यांच्याशी संबंधित असलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न वरवर वेगवेगळे दिसत असले, तरी त्यांचे मूळ बहुतांशी एकच आहे. पडद्यावर आपल्याला जी तारीख दिसते, तो आतल्या एका संख्येवर चढवलेला पेहराव असतो. ती संख्या कोणत्या दिवसापासून मोजली आहे, दिवसांत मोजली आहे की सेकंदांत, आणि कोणत्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे मोजली आहे, या तीन गोष्टी ठाऊक नसतील, तर आलेख कितीही देखणा निघाला तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही. पुढील उत्तरांत याच तीन गोष्टी निरनिराळ्या रूपांत येतील.

प्रश्न : माझ्याकडे जानेवारी ते जून २०२३ या काळातील रोजच्या तापमानाच्या नोंदी साध्या सीएसव्ही फाइलीत (म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराच्या फाइलीत) आहेत. तारखा दिवस/महिना/वर्ष या क्रमाने लिहिलेल्या आहेत. फाइल एक्सेलमध्ये उघडून आलेख काढला, तेव्हा बिंदू थेट डिसेंबरपर्यंत पसरले, आणि तेही प्रत्येक महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच पुंजक्यांनी. काही तारखा सेलच्या डाव्या कडेला, तर काही उजव्या कडेला टेकलेल्या दिसतात. चूक नोंदींत आहे की प्रोग्रॅममध्ये?

उत्तर : आपल्या नोंदींत चूक नाही, आणि प्रोग्रॅमनेही त्याला सांगितले तेवढेच केले आहे. आपल्या संगणकाची प्रादेशिक मांडणी महिना/दिवस/वर्ष या क्रमाची असावी. अशा संगणकावर फाइल थेट उघडली, की एक्सेल प्रत्येक तारीख त्या क्रमाने वाचून पाहतो. ‘०५/०१/२०२३’ म्हणजे आपल्या मते ५ जानेवारी, पण तो १ मे म्हणून नोंदवतो आणि त्याबद्दल काहीही बोलत नाही. ‘१३/०१/२०२३’ मध्ये मात्र तेरावा महिना नसल्यामुळे त्याला तारीख ओळखता येत नाही, म्हणून तो ते अक्षरशः मजकूर म्हणून ठेवून देतो. मजकूर डावीकडे आणि संख्या उजवीकडे टेकते, हा एक्सेलचा मूळ शिरस्ता आहे. आपल्याला दोन्ही कडा दिसत आहेत त्या याच कारणाने.

आता आपण वर्णन केलेले पुंजके नेमके का पडले, ते आकड्यांत पाहू. जानेवारी ते जून २०२३ या काळात १८१ दिवस येतात. प्रत्येक महिन्यातील १ ते १२ या तारखांच्या नोंदी, म्हणजे ६ गुणिले १२ अशा ७२ नोंदी, तारीख म्हणून स्वीकारल्या गेल्या आणि उरलेल्या १०९ मजकूरच राहिल्या. त्या ७२ पैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा दिवस आणि महिना सारखाच असलेल्या ६ नोंदी तेवढ्या योगायोगाने बरोबर आहेत, बाकी ६६ उलटल्या आहेत. उलटलेल्या तारखेत आपला दिवस महिन्याच्या जागी जातो, म्हणून बिंदू बाराही महिन्यांत पसरतात. आपला महिना दिवसाच्या जागी जातो, म्हणून ते १ ते ६ तारखांच्या पलीकडे जात नाहीत. आलेखात महिन्यांच्या आरंभी असे पुंजके दिसले, की दुसरी कोणतीही शंका घेण्याआधी दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे का, तेच पाहावे.

दुरुस्तीच्या बाबतीत एक इशारा द्यावासा वाटतो. बरेच जण संपूर्ण कॉलम निवडून त्याला तारखेचा फॉरमॅट लावतात आणि काम झाले असे समजतात. फॉरमॅट केवळ दिसणे बदलतो. मजकुराच्या आत संख्याच नसल्यामुळे त्या १०९ नोंदींवर काहीही परिणाम होत नाही, आणि उलटलेल्या ६६ नोंदी तर नव्या पेहरावात अधिकच खऱ्या वाटू लागतात. म्हणून बिघडलेल्या तक्त्यात डागडुजी करत बसू नये. तो बाजूला ठेवून मूळ फाइलीकडे परत जावे. ती दुहेरी टिचकीने न उघडता ‘डेटा’ या टॅबमधून आयात करावी आणि तारखेचा कॉलम प्रथम मजकूर म्हणूनच आत घ्यावा. मग त्या कॉलमवर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ ही सोय वापरून तिच्या शेवटच्या टप्प्यात तारखेचा क्रम ‘डीएमवाय’, म्हणजे दिवस-महिना-वर्ष, असा स्पष्ट सांगावा. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतील पांडास हे तक्ते हाताळण्याचे साधन वापरणाऱ्या वाचकांनी ‘दिवस आधी’ हा पर्याय दिला म्हणजे निर्धास्त झालो असे समजू नये. तो पर्याय सक्तीचा नसून कल दर्शवणारा आहे, असे त्याच्या अधिकृत माहितीतच म्हटले आहे. तेथे तारखेचा पूर्ण साचा लिहून देणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

आयात झाल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. संख्या म्हणून ओळखल्या गेलेल्या तारखा १८१ आहेत ना, सर्वांत लहान तारीख १ जानेवारी आणि सर्वांत मोठी ३० जून आहे ना, आणि प्रत्येक तारखेतून आधीची तारीख वजा केली तर सर्वत्र १ येतो ना. या तपासणीला दोन मिनिटे लागतात, आणि माझ्या अनुभवात तिने जितक्या चुका पकडल्या आहेत, तितक्या आलेखाकडे टक लावून पाहण्याने कधीच सापडल्या नाहीत.

पुढच्या वेळी फाइल तयार करणे आपल्याच हातात असेल, तर वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवावा, उदाहरणार्थ २०२३-०१-०५. आयएसओ ८६०१ या १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच क्रम आहे. त्यात संदिग्धता राहत नाही, आणि नुसता मजकूर म्हणून क्रम लावला तरी तारखा कालानुक्रमे लागतात.

जाता जाता एक गोष्ट. स्प्रेडशीटच्या तारीख ओळखण्याच्या या अतिउत्साहाचा त्रास तारखा न वापरणाऱ्यांनाही झाला आहे. मार्च१, सेप्ट१ अशी संक्षिप्त नावे असलेली मानवी जनुके तक्त्यात भरली, की त्यांच्या तारखा होत असत. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये नावांविषयीचे नवे नियम प्रसिद्ध केले आणि ही नावे मार्चएफ१, सेप्टिन१ अशी झाली. प्रोग्रॅमची सवय बदलण्यापेक्षा विज्ञानातील नावे बदलणे सोपे ठरले, यावर काय म्हणावे!

प्रश्न : तीन दिवसांच्या दर तासाच्या नोंदींचा रेषालेख काढला, तर प्रत्येक दिवसाच्या चोवीसही नोंदी एकाच उभ्या रेषेत येतात. सेलमध्ये मात्र तारीख आणि वेळ दोन्ही व्यवस्थित दिसतात. वेळ कुठे गेली?

उत्तर : वेळ सेलमध्येच आहे, पण अक्षाला तिची ओळख नाही. एक्सेलच्या रेषालेखातील तारखांच्या अक्षाला दिवस, महिना आणि वर्ष ही तीनच एकके माहीत असतात. दिवसापेक्षा लहान असलेला भाग तो विचारात घेत नाही, त्यामुळे एका दिवसाच्या सगळ्या नोंदी त्या दिवसाच्या एकाच जागेवर चढतात. अशा कामासाठी रेषालेख न घेता स्कॅटर प्रकारचा, म्हणजे सुटे बिंदू मांडणारा, आलेख घ्यावा आणि त्यातील बिंदू रेषेने जोडावेत. त्याचा आडवा अक्ष खऱ्या अर्थाने संख्यांचा असतो आणि एक्सेलच्या दृष्टीने तारीख म्हणजे दिवसांची संख्या, तर वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. दुपारचे १२ म्हणजे ०.५ आणि सकाळचे ६ म्हणजे ०.२५.

स्कॅटर आलेख घेतल्यावर नवीनच तक्रार येते, ती आधीच सांगून ठेवतो. अक्षावरील खुणा विचित्र वेळांना पडतात, कारण प्रोग्रॅम त्याला सोयीच्या दशांश आकड्यांवर त्या पाडतो. तेव्हा अक्षाची मर्यादा आणि खुणांमधील अंतर आपण हाताने द्यावे. समजा नोंदी १ मार्च २०२४ पासून तीन दिवसांच्या आहेत. त्या दिवसाचा एक्सेलमधील अनुक्रमांक ४५३५२ आहे. म्हणून किमान मर्यादा ४५३५२, कमाल ४५३५५ आणि मुख्य अंतर ०.२५ असे दिले, की दर सहा तासांनी खूण येते आणि प्रत्येक चौथी खूण बरोबर मध्यरात्रीवर बसते. अनुक्रमांक पाठ असण्याची गरज नाही. तारीख लिहिलेल्या सेलला साध्या संख्येचा फॉरमॅट दिला, की तो दिसतो.

याच पद्धतीने महिन्यांच्या खुणा मात्र पाडता येत नाहीत. महिने २८ ते ३१ दिवसांचे असतात आणि स्कॅटरच्या अक्षावरील अंतर सर्वत्र सारखे असावे लागते. ३० दिले तर वर्षअखेरीपर्यंत खुणा पाच-सहा दिवसांनी मागे सरकतात. महिन्यांच्या खुणा हव्या असतील आणि नोंदी दिवसागणिक असतील, तर तारखांचा अक्ष असलेला रेषालेखच योग्य. दोन्ही हवे असेल, तर पायथनमधील मॅटप्लॉटलिबसारखे आलेखाचे साधन धरावे. त्यात खुणा कुठे पडाव्यात आणि त्यांवर काय लिहावे, हे दोन्ही स्वतंत्रपणे ठरवता येते.

प्रश्न : एका संवेदकाने साठवलेल्या फाइलीत तारखेच्या जागी १७००००००००सारखे दहा अंकी आकडे आहेत. आलेख काढला तर सगळी माहिती जानेवारी १९७० मध्ये दिसते. संवेदक तर २०२३ मध्ये बसवला होता.

उत्तर : जानेवारी १९७० हे साल आपण होऊन उत्तर देऊन जाते. हे आकडे म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, समन्वित वैश्विक वेळेनुसार, म्हणजे जगभरच्या घड्याळांचा आधार असलेल्या यूटीसीनुसार, लोटलेले सेकंद आहेत. युनिक्स प्रणालीतून आलेली ही मोजणी फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. अडचण अशी, की जावास्क्रिप्ट या संकेतस्थळांवर वापरल्या जाणाऱ्या भाषेवर चालणारी आलेखाची साधने याच उगमापासून पण मिलिसेकंद मोजतात. आपले १७० कोटी सेकंद त्यांनी १७० कोटी मिलिसेकंद समजून वाचले, म्हणजे जेमतेम १९ दिवस आणि काही तास, आणि म्हणून आपली सगळी माहिती २० जानेवारी १९७० च्या आसपास जाऊन बसली. प्रत्येक आकड्याला १००० ने गुणले, की प्रश्न मिटतो. सध्याच्या काळातील आकडा दहा अंकी असेल तर सेकंद आणि तेरा अंकी असेल तर मिलिसेकंद, हा ठोकताळा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सेकंदांचा आकडा ९ सप्टेंबर २००१ रोजी दहा अंकी झाला आहे.

हेच आकडे एक्सेलमध्ये न्यायचे असतील, तर ८६४०० ने भागून २५५६९ मिळवावेत. ८६४०० हे एका दिवसाचे सेकंद आणि २५५६९ हा १ जानेवारी १९७० चा एक्सेलमधील अनुक्रमांक. आपला आकडा घेऊन पाहा. भागाकार १९६७५.९२५९ येतो, बेरीज ४५२४४.९२५९ होते, आणि तिला तारीख-वेळेचा फॉरमॅट दिला की १४ नोव्हेंबर २०२३, रात्रीचे २२ वाजून १३ मिनिटे २० सेकंद असे दिसते. ही वेळ यूटीसी आहे. स्थानिक वेळ हवी असल्यास तेवढ्या तासांचा अपूर्णांक वेगळा मिळवावा लागतो, आणि असे केले आहे ही गोष्ट कॉलमच्या शीर्षकात लिहून ठेवावी, नाहीतर सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही.

एक्सेलची मोजणी कुठून सुरू होते, हे याच ओघात सांगायला हवे, कारण त्यात एक गमतीदार पण उपद्रवी चूक आहे. १ जानेवारी १९०० या दिवसाचा अनुक्रमांक १ आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरीही एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा न घडलेला दिवस ६० व्या क्रमांकावर मोजतो. त्याआधीच्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती, आणि त्याच्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून ती जाणूनबुजून ठेवण्यात आली. लिब्रेऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स यांनी हा बनावट दिवस मानलेला नाही. त्यांनी शून्याचा दिवसच ३० डिसेंबर १८९९ धरला, त्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढे तिघांचे आकडे जुळतात. आर या भाषेत एक्सेलचे अनुक्रमांक वाचताना उगम ३० डिसेंबर १८९९ का द्यावा लागतो, असे आणखी एका पत्रात विचारले होते. त्याचेही उत्तर हेच.

याखेरीज मॅकिंटॉशवरील जुन्या एक्सेलमधून आलेली १९०४ पासूनची मोजणी अजूनही काही फाइलींत आढळते. दोन मोजण्यांत १४६२ दिवसांचा फरक आहे. एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत तारखा चिकटवल्यावर आलेख बरोबर चार वर्षे आणि एक दिवस पुढे किंवा मागे गेलेला दिसला, तर कारण हेच असते. ग्नूप्लॉट या आलेखाच्या प्रोग्रॅमने आवृत्ती ५ पासून आपला उगम २००० वरून १९७० वर नेला आहे, आणि मॅटप्लॉटलिबनेही आवृत्ती ३.३ पासून १९७० हाच उगम मूळ मानला आहे. जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालवणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांनी तारखांऐवजी आकडेच हाताने लिहून ठेवले आहेत त्यांनी, हे ध्यानात घ्यावे.

प्रश्न : माझ्या संकेतस्थळावरील आलेखात १ मार्च २०२४ ची नोंद माझ्याकडे १ मार्चलाच दिसते, पण दुसऱ्या देशातील एका सहकाऱ्याला ती २९ फेब्रुवारीला दिसते. फाइल तर एकच आहे. असे का व्हावे?

उत्तर : हा प्रश्न मला या सर्व पत्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात नुसती तांत्रिक खाचखळगी नसून एक विचारातली गल्लत आहे.

आधी तांत्रिक भाग. जावास्क्रिप्टमध्ये ‘२०२४-०३-०१’ अशी नुसती तारीख मजकूर म्हणून दिली, तर ती यूटीसीची मध्यरात्र म्हणून वाचली जाते. तीच तारीख वेळेसह, पण कालक्षेत्र न सांगता दिली, तर ती पाहणाऱ्याच्या स्थानिक वेळेची मानली जाते. एकाच भाषेत लागोपाठच्या दोन लिखाणांना दोन न्याय, पण नियम तसाच आहे. आपले सहकारी यूटीसीच्या पाच तास मागे असलेल्या प्रदेशात असतील, तर यूटीसीची १ मार्चची मध्यरात्र म्हणजे त्यांच्या घड्याळात २९ फेब्रुवारीची संध्याकाळचे ७. आलेख स्थानिक वेळ दाखवतो, म्हणून त्यांना आदला दिवस दिसतो. यूटीसीच्या पुढे असलेल्या प्रदेशात दिवस बरोबर दिसतो, पण तेथेही बिंदू मध्यरात्रीच्या खुणेवर न बसता काही तास उजवीकडे सरकलेला असतो. बारकाईने पाहिले नाही, तर हे लक्षातही येत नाही.

तारीख वर्ष, महिना आणि दिवस अशा तीन स्वतंत्र आकड्यांतून घडवली, तर ती स्थानिक मानली जाते आणि प्रत्येकाला १ मार्चच दिसतो. मात्र तेथे महिने शून्यापासून मोजले जातात. मार्चसाठी २ लिहावे लागतात. ३ लिहिले, तर एप्रिल येतो, आणि सबंध आलेख एक महिना पुढे सरकूनही अगदी निरोगी दिसतो. दुसरा उपाय म्हणजे आलेखाच्या साधनालाच अक्ष यूटीसीमध्ये दाखवायला सांगणे. जावास्क्रिप्टमधील डी३सारख्या आलेखाच्या साधनांत स्थानिक काळाचा आणि यूटीसीचा असे दोन वेगळे अक्ष-प्रकार याचसाठी आहेत. नुसत्या तारखांच्या माहितीसाठी मी हाच उपाय पत्करीन.

आता विचारातली गल्लत. पुस्तक प्रकाशित झाल्याची तारीख, परीक्षेची तारीख, जन्मतारीख ही कॅलेंडरवरील चौकट असते. ती पृथ्वीवर सर्वत्र तीच असते आणि तिला कालक्षेत्र लागत नाही. भूकंपाचा धक्का, सर्व्हरवर आलेली मागणी, यंत्राने घेतलेले मापन हे मात्र काळातील क्षण असतात. तोच क्षण निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या तारखेला पडू शकतो. बऱ्याच साधनांकडे या दोहोंसाठी एकच साठवण असते आणि तेथेच घोटाळा होतो. आलेख काढण्यापूर्वी आपला प्रत्येक कॉलम चौकटीचा आहे की क्षणाचा, हे ठरवावे. चौकट असेल तर तिला वेळ जोडूच नये. क्षण असेल तर तो यूटीसीमध्ये साठवावा आणि स्थानिक वेळेत फक्त दाखवावा.

क्षण स्थानिक वेळेत साठवले, तर उन्हाळी वेळ पाळणाऱ्या प्रदेशांत आणखी एक संकट येते. ब्रिटन आणि अमेरिकेत शरद ऋतूत घड्याळ मागे घेतले जाते, त्या दिवशी मध्यरात्रीनंतरचा १ ते २ हा तास दोनदा येतो आणि दिवस २५ तासांचा होतो. वसंतात घड्याळ पुढे नेले जाते तो दिवस २३ तासांचा असतो. त्या २५ तासांच्या दिवशी रेषा पुढे जाऊन मागे वळते आणि आलेखात एक गाठ दिसते. दिवसाच्या एकूण विजेचा किंवा भेटींचा आलेख असेल, तर वर्षातील दोन दिवस विनाकारण उंच आणि ठेंगणे दिसतात. ‘यूटीसीपेक्षा इतके तास पुढे’ असा स्थिर आकडा साठवण्यापेक्षा ‘युरोप/लंडन’ असे कालक्षेत्राचे नाव साठवणे म्हणूनच चांगले. नावामागचे बदलते नियम प्रोग्रॅमला माहीत असतात. शिवाय हा फरक पूर्ण तासांचाच असतो असेही गृहीत धरू नये. नेपाळची वेळ यूटीसीपेक्षा ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे.

प्रश्न : मी रोजच्या झोपेच्या नोंदी ठेवतो. २३:१० ला झोपून ०६:२५ ला उठलो, तर वजाबाकीच्या सेलमध्ये नुसत्या जाळीच्या खुणा (#####) येतात. आठवड्याची बेरीज ५१ तास व्हायला हवी, तेथे ३:०० दिसते. झोपायच्या वेळेची सरासरी तर दुपारी १२ आली!

उत्तर : तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. घड्याळातली वेळ आणि लोटलेला कालावधी या दोन वेगळ्या गोष्टी असून स्प्रेडशीट त्या एकाच आकड्यात ठेवते. ०६:२५ मधून २३:१० वजा केले, तर उत्तर ऋण येते, आणि १९०० पासूनच्या मोजणीत एक्सेलला ऋण वेळ दाखवता येत नाही, म्हणून जाळी. वजाबाकीला ‘मॉड’ हे फंक्शन लावून १ ने भागल्यानंतरची बाकी घेतली, की ७ तास १५ मिनिटे हे बरोबर उत्तर मिळते. बेरजेच्या सेलमध्ये संख्या योग्यच आहे. फॉरमॅट दोन पूर्ण दिवस गिळून उरलेले ३ तास दाखवतो. फॉरमॅटमध्ये तासाचे अक्षर चौकटी कंसात घातले, की ५१:०० दिसेल. आलेखासाठी मात्र मी कालावधीला २४ ने गुणून साधे दशांश तास करून घेईन, म्हणजे ७ तास १५ मिनिटांचे ७.२५ होतात आणि अक्षावर खुणा सरळ पडतात.

सरासरीचे दुखणे अधिक खोल आहे. २३:५० आणि ००:१० यांची सरासरी मध्यरात्र असायला हवी हे आपल्याला कळते, पण आकड्यांच्या दृष्टीने एक वेळ दिवसाच्या शेवटाशी आणि दुसरी आरंभाशी असल्यामुळे मधोमध दुपार येते. दुपारी १२ च्या आधीच्या प्रत्येक वेळेत १ मिळवावा, म्हणजे ००:१० ची २४:१० होईल, आणि मग सरासरी काढावी. आलेखाचा अक्षही ०.७५ पासून १.२५ पर्यंत ठेवावा. तास-मिनिटांचा फॉरमॅट दिल्यावर तो १८:०० पासून मध्यरात्र ओलांडून ६:०० पर्यंत जातो, आणि झोपेच्या वेळा दोन टोकांना फेकल्या न जाता एकत्र राहतात.

प्रश्न : १८५० पासूनच्या हवामानाच्या नोंदींचा आलेख काढायचा आहे. एक्सेल १९०० च्या आधीच्या तारखा स्वीकारत नाही. काय करावे?

उत्तर : तारखा दशांश वर्षात लिहून स्कॅटर आलेख काढावा. वर्षातील कितवा दिवस आहे तो आकडा घेऊन त्यातून १ वजा करावा, त्याला त्या वर्षाच्या ३६५ किंवा ३६६ दिवसांनी भागावे आणि वर्षात मिळवावे. १ जुलै १८५० हा १८२ वा दिवस, म्हणून १८१ भागिले ३६५, अर्थात १८५०.४९६. दीडशे वर्षांच्या अक्षावर एवढी अचूकता भरपूर होते. लिब्रेऑफिस कॅल्क १९०० पूर्वीच्या तारखा ऋण संख्यांनी दाखवतो, तोही पर्याय आहे. पांडासची नॅनोसेकंदांची मोजणी १६७७ पासून २२६२ पर्यंत पुरते, त्यामुळे आपले काम तेथेही अडणार नाही. १५८२ च्या मागे जाणाऱ्यांनी मात्र आपल्या नोंदी ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत की ग्रेगोरियन, हे आधी पाहावे. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला, आणि ब्रिटनने तो बदल १७५२ मध्ये केला.

प्रश्न : दर महिन्याच्या मापनांत मध्ये तीन महिने खंड पडला आहे. आलेखात रेषा त्यावरून सरळ निघून जाते, जणू काही झालेच नाही. शिवाय अक्ष मजकुराचा केला, तर खंडच नाहीसा होतो.

उत्तर : मजकुराचा अक्ष काळ मोजत नाही, तो ओळी मोजतो. पाचवी ओळ आणि सहावी ओळ यांच्यात एक महिना गेला की चार, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. सुट्ट्यांच्या दिवशी बंद असणाऱ्या बाजाराच्या भावांसाठी तो कधी कधी जाणूनबुजून वापरतात आणि तेथे तो शोभतोही, पण आपल्या कामासाठी तारखांचाच अक्ष हवा. रेषा सरळ निघून जाते, कारण तक्त्यात त्या तीन महिन्यांच्या ओळीच नाहीत आणि नसलेल्या ओळीची दखल प्रोग्रॅम घेऊ शकत नाही. तीन ओळी तारखांसह घालाव्यात, मूल्याचे सेल रिकामे ठेवावेत आणि आलेखाच्या रिकाम्या सेलविषयीच्या पर्यायात ‘गॅप्स’ निवडावे. त्या जागी चुकूनही शून्य भरू नये. शून्य हे मापन आहे, आणि ते आपण घेतलेले नाही.